उंच शिरा, खोल शिरा

फ्रान्सच्या मध्यभागी कोमाँत्री नावाचे कोळसाखाणींचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या खाणीचा कारभार हेन्री फेयॉल हा अभियंता पाहत असे. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मांडणारा फेयॉल तो हाच. त्याच्या दुसऱ्या एका कामाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. कोळशाबरोबर निघणाऱ्या शेलच्या पाट्यांवर कधी कधी कीटकांचे ठसे असत. फेयॉलने ते फेकू दिले नाहीत. जमवून पॅरिसच्या चार्ल्स ब्रोन्यार या तरुण संशोधकाच्या हाती दिले. त्या पाट्यांमधल्या एका अवाढव्य कीटकाला ब्रोन्यारने १८८५ मध्ये ‘मेगान्यूरा’ हे नाव दिले. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर भरते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तो कार्बोनिफेरस काळातल्या दलदलीच्या जंगलांवर उडत होता.

मेगान्यूराची छायाचित्रे सगळीकडे छापली जातात. पण कोमाँत्रीच्या, आणि जगातल्या बहुतेक ठिकाणांच्या, कीटक-जीवाश्मांचे खरे स्वरूप असे नेत्रदीपक नसते. हाती येतो तो एक पंख, बहुधा अर्धाच. डोके नाही, पाय नाहीत, तोंडाचे अवयव नाहीत. जिवंत कीटकाचे कुल ठरवताना आपण ज्या गोष्टी आधी पाहतो, त्यांपैकी एकही नाही. अशा तुकड्यावरून तो प्राणी चतुरांचा आप्त होता की झुरळांचा, हे अभ्यासक ठरवतात ते पंखावरच्या शिरांवरून. कीटकांच्या पहिल्या १० कोटी वर्षांच्या इतिहासाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्याचा फार मोठा भाग या शिरांच्या वाचनावर उभा आहे. हे वाचन कसे शिकले गेले, त्यात कोणत्या चुका झाल्या आणि त्या कशा सुधारल्या, हा या प्रकरणाचा विषय.

पंखच का उरतो, हे कळायला खाणीत जावे लागत नाही. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे येतात. रात्रीत पाली, बेडूक, मुंग्या त्यांचा फडशा पाडतात आणि सकाळी उंबऱ्यापाशी फक्त पंखांचा केर असतो. वाळवीचे पंख बुडाशी आखलेल्या रेघेवर आपोआप तुटतात हे खरे, पण इतर कीटकांचेही शेवटी असेच होते. लेण्यांमध्ये वटवाघळे जिथे टांगून खातात, तिथे खाली पतंगांचे पंख पडलेले दिसतात. पंखात खाण्याजोगे काही नसते. कायटिन आणि प्रथिनांच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये मांस नाही, चरबी नाही. तो लवकर कुजत नाही, वाऱ्याने दूर जातो, पाण्यावर तरंगतो आणि तळ्याच्या तळाशी मऊ गाळात सपाट बसतो. जीवाश्म होण्यासाठी याहून चांगली सोय क्वचितच कुठल्या अवयवाला मिळाली असेल.

हे दोन पापुद्रे जिथे एकमेकांपासून सुटे राहून जाड होतात, तिथे पोकळ नळी तयार होते. तीच शीर. तिच्यातून कीटकाचे रक्त फिरते, बहुतेक मोठ्या शिरांतून श्वासनलिका आणि मज्जातंतूही जातात. कातीतून नुकत्याच बाहेर आलेल्या कीटकाचे पंख चुरगळलेले असतात. तो या नळ्यांत रक्त दाबतो आणि पंख उलगडतात. मग पंख वाळतो, घट्ट होतो आणि शिरा आधाराचे काम करू लागतात. त्या जाड असल्यामुळे पापुद्रा पुसला गेला तरी दगडावर शिरांची आकृती शिल्लक राहते.

आकृती दिसली म्हणजे ती वाचता आली असे होत नाही. चतुराच्या पंखात शेकडो खण असतात, घरमाशीच्या पंखात मोजक्या लांब शिरा. मग माशीच्या पंखातली तिसरी शीर चतुराच्या पंखातली कोणती? पुढच्या कडेपासून मोजत गेले तर उत्तर चुकणार, कारण मधल्या काळात काही शिरा नाहीशा झाल्या, काही शेजारच्या शिरेत मिसळून गेल्या, काहींना नवे फाटे फुटले. एकोणिसाव्या शतकात तर माशांचे अभ्यासक एक नावे वापरत, फुलपाखरांचे दुसरी आणि मधमाश्यांचे तिसरीच. प्रत्येक पद्धत आपल्या गणापुरती नीट चाले. जीवाश्म मात्र कोणत्या गणाचा हेच ठाऊक नसते, म्हणून त्याला यांतली एकही पद्धत लागू करता येत नव्हती.

ही कोंडी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात फुटली. जॉन हेन्री कॉमस्टॉक आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स नीडहॅम यांनी १८९८–९९ मध्ये एक लेखमाला लिहून सर्व कीटकांसाठी शिरांची एकच नावे सुचवली. पंखाची पुढची कडच जी धरते ती कॉस्टा. तिच्या लगेच मागे सबकॉस्टा. मग रेडियस, जी बहुतेक पंखांत सर्वांत दणकट असते. तिच्यापासून मागच्या बाजूला एक मोठी फांदी निघते, ती रेडियल सेक्टर. पंखाच्या मध्यावर मीडिया, तिच्या मागे क्युबिटस आणि अंगाजवळच्या भागात अ‍ॅनल शिरा. या लांब शिरांना जोडणाऱ्या आडव्या लहान शिरा वेगळ्या. आजही जीवाश्म कीटकांवरचा कोणताही शोधनिबंध उघडला, की पंखाच्या रेखाटनावर याच नावांची आद्याक्षरे लिहिलेली आढळतात. कीटकशास्त्रात सव्वाशे वर्षे टिकलेल्या गोष्टी थोड्या आहेत. ही त्यांतली एक आहे आणि तिला हवा तेवढा मान मिळालेला नाही असे मला वाटते.

पण नावे देणे सोपे, कोणती शीर कोणती हे सिद्ध करणे अवघड. कॉमस्टॉक आणि नीडहॅम यांनी त्यासाठी वाढत्या पिल्लांच्या आणि कोषांच्या पंखकळ्यांत पाहिले. तिथे शिरा अजून घट्ट झालेल्या नसतात, पण श्वासनलिका स्पष्ट दिसतात. त्यांचे गृहीतक असे होते, की आधी श्वासनलिका येते आणि तिच्याभोवती शीर बनते. म्हणजे नलिकेचा माग काढला की शिरेची ओळख पटली. अनेक गणांत हे चांगले जुळले.

चतुरांमध्ये मात्र या पद्धतीने एक विचित्र निष्कर्ष दिला. चतुराच्या पिल्लाच्या पंखकळीत रेडियसपासून निघणारी एक श्वासनलिका मीडियाच्या फाट्यांवरून आडवी ओलांडून त्यांच्या मागे जाते. त्यावरून नीडहॅमने १९०३ मध्ये मांडले, की चतुरांचा रेडियल सेक्टर मीडियाला ओलांडून पलीकडे गेलेला आहे. इतर कोणत्याही कीटकात एक मुख्य शीर दुसरीला अशी ओलांडत नाही. हे खरे मानले तर चतुर बाकी सगळ्या कीटकांपासून तुटून एकटे पडतात आणि त्यांच्या पंखाची तुलना कशाशीच करता येत नाही. तरीही निरीक्षण डोळ्यांसमोर होते, म्हणून पुढची वीसएक वर्षे या मताचा मोठा प्रभाव राहिला. चतुरांचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार रॉबर्ट टिलयार्ड यांनीही मोठ्या चतुरांच्या बाबतीत ते स्वीकारले होते.

टिलयार्ड मूळचे इंग्लंडचे, आयुष्य गेले ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. १९२०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एल्मो या ठिकाणचे पर्मियन काळातले कीटक हाती घेतले. एल्मोचा चुनखडक इतक्या बारीक कणांचा आहे, की काही मिलिमीटरांच्या पंखावरचे केससुद्धा उमटलेले सापडतात. तिथल्या २८ कोटी वर्षांपूर्वीच्या चतुरवर्गीय पंखांमध्ये ओलांडणीचा मागमूस नव्हता. जी शीर मागाहून आलेली मानली जात होती, ती आपल्या जागी पहिल्यापासूनच होती. टिलयार्डनी आपले आधीचे मत सोडले. शिरेची वाट आधी ठरते, श्वासनलिका नंतर तिच्यात शिरते आणि शिरताना कधी कधी जवळच्या भलत्याच वाटेने जाते, हे हळूहळू मान्य झाले. जिवंत पिल्लाच्या पंखात जे दिसले, त्याचा अर्थ दगडातल्या पंखाने दुरुस्त केला. जीवाश्मांचा अभ्यास म्हणजे आजच्या प्राण्यांवरून जुन्यांविषयी अंदाज बांधणे, अशी समजूत असणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

टिलयार्ड १९३७ मध्ये मोटार अपघातात गेले. चतुरांच्या वर्गीकरणाची नवी मांडणी १९३८ ते १९४० या काळात प्रसिद्ध झाली ती त्यांच्या आणि एफ. सी. फ्रेझर यांच्या नावाने. फ्रेझर हे भारतात वैद्यकीय सेवेत असलेले लष्करी डॉक्टर. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय चतुरांवर त्यांनी वर्षानुवर्षे लेख लिहिले आणि १९३३ ते १९३६ दरम्यान भारतीय चतुरांवरचे त्यांचे तीन खंड आले. आजही आपल्याकडे चतुर ओळखायला शिकणारा माणूस शेवटी फ्रेझरपर्यंत पोहोचतो. त्यांच्या वर्गीकरणात जिवंत आणि जीवाश्म चतुर एकाच चौकटीत बसतात, आणि ती चौकट मुख्यतः शिरांची आहे.

श्वासनलिकेवर विसंबता येत नाही, मग कशावर? उत्तर खरे तर आधीच दिले गेले होते, फक्त लक्ष दिले गेले नव्हते. व्हिएन्नाच्या योसेफ रेडटेनबाखर यांनी १८८६ मध्येच दाखवले होते, की पंख सपाट नसतो. छपराच्या पन्हळी पत्र्यासारखा तो वर-खाली दुमडलेला असतो, आणि पत्रा जसा पन्हळीमुळे वजन न वाढता ताठ राहतो तसाच पंखही राहतो. काही शिरा नेहमी पन्हळीच्या माथ्यावर असतात, काही नेहमी तळाशी. चतुराचा पंख पुढच्या कडेकडून तिरपा धरून भिंगाखाली पाहिला तर हे कुणालाही दिसेल. सबकॉस्टा खोल, तिच्या मागची रेडियस उंच, रेडियल सेक्टर पुन्हा खोल.

बेल्जियमचे ऑग्युस्त लामेर यांनी कोमाँत्रीचे कीटक पुन्हा तपासून १९१७ मध्ये त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्या प्राचीन पंखांत त्यांना दिसले, की मीडियाची पुढची फांदी उंच आहे आणि मागची खोल. क्युबिटसचेही तसेच. १९२२ मध्ये त्यांनी यावरून मांडणी केली, की मूळ पंखात उंच आणि खोल शिरांच्या जोड्या होत्या. पुढच्या काळातल्या गणांनी त्यांतली एखादी शीर गमावली. तेव्हापासून शिरेच्या नावापुढे अधिक किंवा उणे चिन्ह लिहिण्याची रीत पडली. आता मोजण्याची गरज नव्हती. मधली शीर नाहीशी झाली असेल तर दोन उंच शिरा शेजारी येतात, आणि हरवलेली जागा आपोआप उघडी पडते. पुढे यार्मिला कुकालोव्हा-पेक यांनी याच तत्त्वावरून कॉस्टाच्या पुढे एक आणि अ‍ॅनलच्या मागे एक अशा आणखी शिरा धरून मूळ आठ जोड्यांचा आराखडा मांडला. तो सगळ्यांना मान्य नाही. त्यांना दगडात दिसलेल्या काही शिरा इतरांना दिसत नाहीत. पण उंच-खोल तपासल्याशिवाय शिरेला नाव द्यायचे नाही, या बाबतीत आता दुमत नाही.

दगडात हे तपासणे किती नाजूक काम आहे, ते सांगायला हवे. थर उकलला की दोन पाट मिळतात. एकावर पंखाचा ठसा, दुसऱ्यावर त्या ठशाचा साचा. एका पाटावर जी शीर उंच, ती दुसऱ्यावर खोल. शिवाय पंख गाळात सुलटा पडला होता की उलटा, हेही माहीत नसते. संग्रहालयात बहुधा एकच पाट असतो. अशा वेळी आधार घ्यायचा तो न बदलणाऱ्या शिरांचा. रेडियस नेहमी उंच आणि सबकॉस्टा नेहमी खोल. पाटावर सबकॉस्टाच उंच दिसत असेल तर सगळे वाचन उलटे करायचे. मग प्रकाश. दिवा अगदी खालून, तिरपा सोडतात, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतात. डोळे इथे सहज फसतात, प्रकाशाची दिशा विसरली की खड्डा टेकडीसारखा दिसू लागतो. म्हणून छायाचित्रात प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून आलेला असावा, असा संकेत आहे. मग त्याच पाटावर अल्कोहोलचे दोन थेंब टाकतात. ओल्या दगडावर उंच-खोल नाहीसे होते, पण शिरांचा रंग उठून येतो आणि कोरड्या दगडात न दिसलेले फाटे दिसतात. कोरडे आणि ओले असे दोन्ही वेळा पाहून, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशातून कागदावर रेखाटन करायचे. आता संगणकीय प्रतिमा आल्या तरी हाताने रेखाटण्याची सवय अभ्यासकांनी सोडलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. रेघ ओढताना प्रत्येक शिरेविषयी हो किंवा नाही म्हणावेच लागते. छायाचित्र संदिग्ध राहू शकते.

दुसरी अडचण खडकाची. भूकवचाच्या हालचालीत खडक एका दिशेने दाबला जातो आणि त्याबरोबर पंखही. तोच पंख एका पाटावर लांबट, दुसऱ्यावर रुंद दिसतो. म्हणून लांबी-रुंदीचे प्रमाण आणि कोन यांवर फार भरवसा ठेवता येत नाही. कितीही दाबले तरी बदलत नाही ते एवढेच: कोणती शीर कोणत्या शिरेतून फुटते, किती फाटे होतात आणि कोण कोणाच्या पुढे आहे.

हे नीट पाळले गेले नाही तेव्हा काय झाले, याचा सर्वांत मोठा पुरावा झुरळांचा आहे. कार्बोनिफेरस थरांत झुरळांच्या पूर्वजांचे पुढचे पंख भरमसाट सापडतात. सॅम्युअल स्कडर, अँटन हांडलिर्श आणि त्यांच्या नंतरच्या काहींनी जवळजवळ प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या पंखाला वेगळे नाव दिले. हांडलिर्शचा १९०६–०८ चा ग्रंथ अजून वापरात आहे आणि तो आदरणीयच आहे, पण त्यातल्या झुरळांची संख्या विश्वास बसू नये इतकी आहे. आजच्या झुरळाचा डावा आणि उजवा पंख शेजारी ठेवला तरी फाट्यांची संख्या जुळत नाही. हे ध्यानात घेऊन जर्मन अभ्यासकांनी पुढे कितीतरी नावे रद्द केली. छाटणीनंतर जे उरले ते भक्कम निघाले. त्यांतल्या एका कुलाच्या पंखांवरचे बदल इतके क्रमाने होतात, की समुद्री जीवाश्म नसलेल्या कोळशाच्या थरांचे वय त्यांवरून जुळवता येते.

याहून मोठी चूक एकदा रशियात झाली. १९६१ मध्ये बोरिस रोहदेन्दॉर्फ यांनी डेव्होनियन काळातल्या एका तुकड्याला ‘इओप्टेरम’ असे नाव देऊन तो सर्वांत जुना पंख असल्याचे जाहीर केले. पाठ्यपुस्तकांत ते पोहोचले. दहा-अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांनी स्वतःच लिहिले, की तो पंख नसून कोळंबीच्या जातकुळीतल्या प्राण्याचा अवशेष आहे. त्या तुकड्यावर शिरांसारख्या रेषा होत्या, पण शिरा नव्हत्या.

आता मेगान्यूराकडे. त्याला सर्रास ‘महाकाय चतुर’ म्हटले जाते. जवळच्या तळ्यावरचा चतुर पाहा: पंखाच्या पुढच्या कडेवर मधोमध एक गाठ असते, तिला नोडस म्हणतात. या सांध्यामुळे पंखाला झटक्यासरशी पीळ घेता येतो. टोकाजवळ एक जाड रंगीत खण असतो, टेरोस्टिग्मा. त्याच्या वजनाने पंखाची फडफड आवरली जाते. मेगान्यूराच्या पंखात या दोन्ही गोष्टी नाहीत. फ्रँक कारपेंटर यांनी १९३९ मध्ये एल्मोहून वर्णन केलेल्या मेगान्यूरॉप्सिसलाही नाहीत, आणि तो तर आजवरचा सर्वांत मोठा कीटक, पंखविस्तार ७१ सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा हे प्राणी खऱ्या चतुरांचे लांबचे भाऊबंद, पण चतुर नव्हेत. त्यांचा गणच वेगळा धरतात. मुख्य शिरांचा क्रम नाते सांगतो आणि गाठीचा अभाव अंतर सांगतो.

तरीही पंखाचे म्हणणे कुठवर मानायचे, याचा धडा एका जिवंत प्राण्याने दिला. जपानमध्ये ‘एपिओफ्लेबिया’ नावाचा चतुर आहे. त्याचे पंख टाचणी म्हणवणाऱ्या सडपातळ चतुरांसारखे, पुढचे-मागचे एकसारखे आणि बुडाशी देठाळ. शरीर मात्र जाडजूड चतुराचे. ज्युरासिक खडकांत असे पंख असलेले पुष्कळ जीवाश्म होते. हांडलिर्शने १९०६ मध्ये हे सगळे जीवाश्म आणि हा एकुलता जिवंत वारस मिळून एक स्वतंत्र गट केला. १९२१ मध्ये टिलयार्डने दार्जिलिंगच्या डोंगरांतल्या एका पिल्लावरून याच प्रजातीची दुसरी जाती ओळखली. पुढे लक्षात आले, की देठाळ, एकसारखे पंख हे जुने रूप आहे आणि ते अनेक वेगवेगळ्या शाखांनी नुसते टिकवून ठेवले होते. हांडलिर्शच्या गटातले जीवाश्म एकाच वंशाचे नव्हते. आता तो गट मोडला आहे आणि एपिओफ्लेबिया मोठ्या चतुरांचा सख्खा शेजारी मानला जातो. दोन पंखांत जुनी गोष्ट समान असेल तर तिच्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. नवी गोष्ट समान असावी लागते.

याच्या उलट, दिसणे फसवे आणि शिरा खऱ्या, असे झाले कॅलिग्रामाच्या बाबतीत. १९०४ मध्ये जर्मनीतल्या सोलनहोफेनच्या चुनखडकातून त्याचे वर्णन झाले. नंतर चीन आणि मध्य आशियात त्याचे नातेवाईक मिळाले. रुंद पंख, पंखांवर डोळ्यांसारखे मोठे ठिपके, खवले, आणि काहींना रस शोषायची लांब सोंड. कुणीही फुलपाखरू म्हणेल. पण पंखाच्या पुढच्या कडेला आडव्या लहान शिरांची दाट रांग आहे, रेडियल सेक्टरमधून एकामागून एक समांतर फांद्या निघतात आणि त्या कडेपाशी पुन्हा दुभंगतात. फुलपाखराच्या पंखात मोजक्या शिरा असतात, मध्यावर एक मोठा मोकळा खण असतो. कॅलिग्रामा जाळीदार पंखांच्या लेसविंग कीटकांचा आहे, ज्यांतल्या मुंगीसिंहाच्या पिल्लाचे मातीतले खड्डे आपण लहानपणी काडीने उकरलेले असतात. फुलपाखरे अवतरण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी त्याच्या वंशाने फुलपाखराचे सगळे सोंग उभे केले होते, तेही फुले नसलेल्या जंगलात. शिरा मात्र बदलल्या नाहीत. कीटकांच्या सबंध इतिहासात मला याहून सुंदर पुरावा माहीत नाही.

शिरा थोड्या असल्या तरी चालते. मधमाशीच्या पुढच्या पंखात शिरांनी बांधलेले मोजके खण असतात, पण त्यांचे आकार फार बोलके असतात: पुढच्या कडेला लांबट, टोकाजवळ पोहोचणारा खण आणि त्याखाली तिरपा झुकलेला एक. मधमाश्या मूळच्या जुन्या जगातल्या, अमेरिकेत त्या युरोपीय वसाहतवाल्यांनी नेल्या, असे सर्वमान्य होते. २००९ मध्ये नेवाडातल्या सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या थरातल्या एका माशीचे वर्णन झाले. ती निःसंशय मधमाशी होती. उत्तर अमेरिकेत मधमाश्या होत्या, नाहीशा झाल्या आणि पुन्हा नेल्या गेल्या. आज जिवंत मधमाश्यांच्या उपजाती ओळखतानाही शिरांच्या छेदबिंदूंमधली अंतरे मोजतात.

आणि शिरा कधी वर्गीकरणाच्या पलीकडचेही सांगतात. रातकिडे आणि त्यांचे भाऊबंद पंखावर पंख घासून गातात. एका पंखाच्या क्युबिटसच्या फाट्यावर दातांची रांग असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून फिरते. चीनच्या इनर मंगोलियात सापडलेल्या ‘आर्काबॉइलस’च्या पंखांवर हे दात एकेक मोजता आले. त्यांची लांबी आणि अंतरे आजच्या गाणाऱ्या जातींशी ताडून २०१२ मध्ये संशोधकांनी सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या किड्याचा सूर काढला: ६.४ किलोहर्ट्झ, एकच शुद्ध स्वर.

राहिले भुंगेरे. सगळ्या कीटकांत संख्येने सर्वांत मोठा गण, आणि शिरांच्या अभ्यासकाला सर्वांत कमी देणारा. त्यांचा पुढचा पंख कठीण ढाल झालेला असतो, शिरा त्यात बुजून जातात. नागपूरच्या वाचकांना हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे परिचयाचे असेल. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळच्या टाकळीत, दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या तळ्याच्या गाळात, वनस्पती आणि शंखांबरोबर भुंगेऱ्यांच्या ढालीही गोळा केल्या. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतातल्या जीवाश्म कीटकांवरचे हे अगदी सुरुवातीचे काम. मरे यांच्यासमोर शिरा नव्हत्या. ढालीवरच्या समांतर चिरा, ठिपक्यांच्या ओळी आणि एकूण आकार एवढ्यावर त्यांना कुळे ठरवायची होती. असे निदान नेहमी कच्चे राहते, कारण तशाच चिरा आणि ठिपके एकमेकांशी संबंध नसलेल्या कुळांत पुन्हा पुन्हा येतात.

उरल पर्वताजवळच्या चेकार्डा इथल्या पर्मियन थरांत मात्र अशा ढाली मिळाल्या आहेत, ज्यांवर शिरा आणि त्यांमधले चौकोनी खण अजून स्पष्ट आहेत. पंखाची ढाल होत असतानाचा टप्पाच तो. त्यांच्यामुळे कळले, की नंतरच्या भुंगेऱ्यांवरच्या ठिपक्यांच्या ओळी म्हणजे त्या खणांचे उरलेले अवशेष आहेत. आणि ढालीखाली घडी घातलेला मागचा पंख भुंगेऱ्यांनी शिरांसकट ठेवला आहे. उडायला तोच लागतो, त्याच्या शिरा आणि घड्यांची रीत कुळागणिक वेगळी असते. गाळात पडताना ढाली विलग होऊन तो पंख बाहेर आला असेल, तर ओळख पक्की होण्याची आशा असते. म्हणून भुंगेऱ्याचा नवा पाट हाती आला, की अभ्यासक ढालीच्या मागच्या कडेबाहेर एखाद्या शिरेचे टोक डोकावते आहे का, ते आधी पाहतात.